दहावे पिलू आणि दहावी पेंढी : जॉर्जकालीन इंग्लंडातील दशांशविषयक व्यंगचित्रे

१. एक चित्र व त्यातील कोटी

१७५१ च्या सुमारास लुई फिलिप बोआतार या कोरीवकाराचे ‘दशांशाचे डुक्कर’ हे मुद्राचित्र इंग्लंडात प्रसिद्ध झाले. चित्रातील प्रसंग साधा आहे. एका शेतकऱ्याच्या दारी गावचा पाद्री आला आहे. डुकरिणीला झालेल्या पिलांपैकी दहावे पिलू कायद्याने त्याचे, आणि ते नेण्यासाठीच त्याचे येणे झाले आहे. शेतकऱ्याची पत्नी मात्र आपले तान्हे मूल पाद्र्यापुढे धरते. ते तिचे दहावे अपत्य आहे. जे जे दहावे ते ते पाद्र्याचे असेल, तर त्याने पिलाबरोबर मूलही न्यावे. मूल नको असेल, तर पिलूही मिळावयाचे नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. या युक्तिवादास पाद्र्यापाशी उत्तर नाही.

ही कोटी त्या एका चित्रापुरती राहिली नाही. ती पद्यात आली, स्वस्त छापील चित्रांत पुनःपुन्हा आली, आणि १७७० च्या सुमारास डर्बी येथील चिनी मातीच्या कारखान्याने पाद्री, पिलू धरलेला शेतकरी व मूल धरलेली त्याची पत्नी असा तीन आकृत्यांचा समूहच घडविला. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी त्याच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या व एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातही त्या विकल्या जात होत्या. एखादा विनोद दोन पिढ्यांहून अधिक काळ दिवाणखान्यातील फळीवर टिकतो, तेव्हा तो केवळ विनोद राहत नाही. समाजाने आपल्या एका गाऱ्हाण्याला दिलेले ते ठराविक रूप असते.

जॉर्जकालीन इंग्लंडाच्या, म्हणजे स्थूलमानाने १७१४ ते १८३० या काळाच्या, ग्रामीण इतिहासाचे साधन म्हणून अशा चित्रांचा उपयोग अनेकदा केला जातो. तो करताना एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. ही चित्रे नेमकी कशाची साक्ष देतात? दशांश कसा घेतला जाई याची, की तो देणाऱ्यास काय वाटे याची? या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढील विवेचनाचा रोख असा आहे, की ही चित्रे गाऱ्हाण्याची विश्वसनीय आणि व्यवहाराची अविश्वसनीय साक्षीदार आहेत. आणि त्यांत जे दाखविलेले नाही, त्याचे महत्त्व जे दाखविले आहे त्याहून कमी नाही.

२. दशांशाचे स्वरूप

‘दशांश’ हा शब्द मराठी वाचकास प्रथम गणिताची आठवण करून देईल. मराठी ख्रिस्ती समाजात तो देवाप्रीत्यर्थ द्यावयाच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागासाठी रूढ आहे. ‘टाइथ’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही ‘दहावा’ इतकाच. परंतु जॉर्जकालीन इंग्लंडातील दशांश हे ऐच्छिक दान नव्हते. तो कायद्याने वसूल करता येणारा हक्क होता, आणि देणारा त्या चर्चचा अनुयायी आहे की नाही हा प्रश्न त्यात उद्‌भवत नसे. क्वेकर पंथाचे लोक तो देणे आपल्या श्रद्धेविरुद्ध मानीत. त्यांच्या घरातील भांडीकुंडी, गुरे व धान्य जप्त करून त्याची वसुली होई. गावगाड्यातील बलुत्याशीही त्याची गल्लत करू नये. खळ्यावर धान्याचा वाटा द्यावयाचा, एवढे बाह्य साम्य दोहोंत आहे; पण बलुते हे गावासाठी केलेल्या कामाशी बांधलेले होते, तर दशांशाचा धनी त्या गावात पाऊल न टाकताही तो घेऊ शके.

दशांशाचे स्थूलमानाने दोन भाग पडत. धान्य, गवत व लाकूड यांवरील तो थोरला दशांश. आणि कोकरे, डुकराची पिले, लोकर, दूध, अंडी, फळे, भाजीपाला यांवरील तो धाकटा दशांश. पॅरिशचा धर्माधिकारी रेक्टर असेल तर सामान्यतः दोन्ही त्याचे. तो व्हिकर असेल तर त्याच्या वाट्यास बहुधा धाकटाच येई. ‘व्हिकर’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘व्हिकारियस’, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. ही दुसऱ्याची जागा मुळात अनेक ठिकाणी मठांची होती. मठ रेक्टरचे हक्क स्वतःकडे ठेवीत व गावात प्रतिनिधी नेमीत. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ विसर्जित केले, तेव्हा त्यांच्या जमिनींबरोबर हे थोरल्या दशांशाचे हक्कही राजाकडे व तेथून खरेदीने किंवा देणगीने खाजगी जमीनदारांकडे गेले. परिणामी इंग्लंडातील एक तृतीयांशाहून अधिक पॅरिशांत शेतातील दहावी पेंढी धर्माधिकाऱ्याकडे जातच नव्हती. ती एखाद्या सरदाराकडे, जमीनदाराकडे किंवा विद्यापीठातील महाविद्यालयाकडे जात होती. हा मुद्दा पुढे पुन्हा घ्यावा लागेल.

दशांशाबद्दलचा मुख्य आर्थिक आक्षेप असा, की तो निव्वळ नफ्यावर नसून एकूण उत्पन्नावर होता. शेतकऱ्याने चुना व खत घातले, पाण्याचा निचरा केला, नवे बियाणे आणले, तर त्यासाठीचा सर्व खर्च त्याचा. वाढलेल्या पिकाचा दहावा भाग मात्र दशांशाच्या धन्याचा. ॲडम स्मिथने १७७६ साली हा आक्षेप मांडताना रंगासाठी लागणाऱ्या मंजिष्ठेच्या लागवडीचे उदाहरण दिले. दशांश नसलेल्या हॉलंडमध्ये ती होई. इंग्लंडात ती होऊ लागावी म्हणून संसदेला एकरी पाच शिलिंग असा निश्चित दर ठरवून द्यावा लागला. स्वतः धर्माधिकारी असलेल्या विल्यम पेलीनेही १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात दशांश लागवडीस मारक असल्याचे सांगून त्याऐवजी धान्याच्या भावाशी जोडलेला खंड सुचविला. तेव्हा दशांशावरील टीका ही धर्मद्वेष्ट्यांचीच होती, असे म्हणता येत नाही.

३. शेत व अंगण

दशांश वस्तुरूपाने घ्यावयाचा झाल्यास त्याची रीत अशी असे. कापणी झाल्यावर शेतकरी पेंढ्यांचे ढीग उभे करी व दशांशाच्या धन्यास वर्दी देई. धन्याचा माणूस येऊन दर दहाव्या ढिगावर हिरवी डहाळी खोवून खूण करी, आणि मग ते ढीग गाडीत भरून दशांशाच्या कोठारात नेले जात. पाऊस तोंडावर असताना खूण करणारा माणूस उशिरा आला, तर शेतकऱ्याचे नऊ ढीगही भिजत. दशांशाबद्दलच्या भांडणांतील कटुता केवळ दहाव्या भागाची नव्हती. या खोळंब्याचीही होती.

धाकट्या दशांशाचा हिशेब याहून किचकट असे. दुधाच्या बाबतीत दर दहाव्या वेळचे दूध द्यावयाचे, असे अनेक ठिकाणी असे. अंड्यांबद्दल ईस्टरच्या सुमारास दर कोंबडीमागे व कोंबड्यामागे ठराविक संख्या द्यावयाची. पिले दहा असतील तर प्रश्न सोपा. सातच असतील तर? अनेक पॅरिशांत सातांवरही एक पिलू घेण्याचा व उरलेल्या तिहींच्या उणिवेबद्दल शेतकऱ्यास काही पैसे परत देण्याचा प्रघात होता. रानटी प्राण्यांवर दशांश नव्हता, पाळलेल्यांवर होता. बटाटे व सलगम यांसारखी नवी पिके आली, की ती कोणत्या वर्गात घालावयाची यावर वाद होई, आणि असे कित्येक वाद लंडनच्या एक्सचेकर न्यायालयापर्यंत पोचत.

थोरला दशांश मोलाने कितीतरी अधिक. मग व्यंगचित्रकारांनी दहावी पेंढी न घेता दहावे पिलूच का निवडले? याची तीन कारणे संभवतात. पहिले उघड आहे. पुष्ट पाद्री व पुष्ट डुक्कर यांचे रूपसाम्य चित्रकाराच्या लेखणीस आयते मिळणारे होते, आणि ते जुनेही होते. शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकातही पाद्र्याच्या स्वप्नाशी दशांशाच्या डुकराचा संबंध जोडलेला आहे. दुसरे कारण स्थळाचे. पेंढी शेतात मोजली जाते. पिलू मात्र अंगणातून उचलावे लागते. धाकट्या दशांशासाठी पाद्री, किंवा त्याचा माणूस, घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. तेथे कायदा डोळ्यांना दिसतो.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे असून त्याकडे सहसा लक्ष जात नाही. बोआतारच्या चित्रात बोलते ती शेतकऱ्याची पत्नी, शेतकरी नव्हे. हे केवळ विनोदासाठी नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी शेतघरात दूधदुभते, कोंबड्या, अंडी, भाजीचा वाफा व डुकरांची देखभाल ही प्रामुख्याने गृहिणीच्या कष्टाची कामे होती, व बाजारात अंडी-लोणी विकून येणारा पैसा बहुधा तिच्या हातचा असे. म्हणजे धाकटा दशांश ज्या वस्तूंवर पडे, त्या बहुतांशी तिच्या राबण्यातून आलेल्या. तिनेच पुढे येऊन आपले मूल पाद्र्याच्या हाती देऊ करणे हे गृहव्यवस्थेच्या वस्तुस्थितीस धरून आहे. चित्रातील हा तपशील अतिशयोक्तीच्या आवरणाखाली राहिलेले सत्य आहे.

तिच्या युक्तिवादाचे स्वरूपही पाहण्याजोगे आहे. ती कायद्याचा धिक्कार करीत नाही. ती कायद्याचा शब्द तंतोतंत पाळावयास सांगते. ‘दहावा’ या संख्यावाचकास मर्यादा नसेल तर तो मुलासही लागू पडतो. कायद्याच्या भाषेत मर्यादा गृहीत असते, उच्चारलेली नसते. विनोद त्या अनुच्चारित मर्यादेवर बोट ठेवतो. दशांशविषयक व्यंगचित्रांचे बळ मुख्यतः अशा शब्दशः घेण्यात आहे.

४. शब्दांतील दुहेरीपणा

हीच युक्ती इतर चित्रांतही आढळते. रॉबर्ट डायटनच्या रेखाटनांवरून कॅरिंग्टन बोल्स या लंडनच्या प्रकाशकाने १७८२ च्या सुमारास दोन जोडचित्रे काढली. एकात लठ्ठ, सुखवस्तू पाद्री आहे. दुसऱ्यात कृश, दरिद्री. पहिल्याचे नाव ‘उत्तम वृत्ती लाभलेला धनी पाद्री’ आणि दुसऱ्याचे ‘जेमतेम जगणारा रोजंदार पाद्री’ असे मराठीत सांगता येईल. मूळ नावांतील ‘लिव्हिंग’ हा शब्द दुहेरी आहे : धर्माधिकाऱ्याच्या नेमणुकीबरोबर येणारे उत्पन्न हा त्याचा पारिभाषिक अर्थ, आणि जगणे, खाणेपिणे हा साधा अर्थ. मराठीतील ‘वृत्ती’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. वंशपरंपरेने किंवा नेमणुकीने मिळणारे उपजीविकेचे साधन ही वृत्ती, आणि माणसाच्या मनाचा कल हीही वृत्ती. त्यामुळे या चित्राच्या नावाचे मराठी रूपांतर करताना अर्थाची फारशी हानी होत नाही, किंबहुना एका अंगाने थोडा लाभच होतो.

दुसरा दुहेरीपणा ‘धनी’ व ‘रोजंदार’ या शब्दांत आहे. मूळ इंग्रजी शब्द कारागिरांच्या श्रेणीतील होत. स्वतःचे दुकान असलेला उस्ताद एक, आणि त्याच्याकडे रोजावर राबणारा कारागीर दुसरा. हे शब्द धर्माधिकाऱ्यास लावले, की चर्च हे दुकान ठरते. आणि वस्तुस्थिती तशीच होती. एकाच व्यक्तीने अनेक पॅरिशांच्या वृत्ती धारण कराव्यात, स्वतः दूर राहावे व प्रत्यक्ष उपासनेसाठी अल्प वेतनावर क्युरेट नेमावा, ही रीत सर्वत्र होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संसदेपुढे आलेल्या विवरणांवरून सुमारे निम्म्या वृत्तींचे धारक नियमानुसार आपल्या पॅरिशमध्ये राहत नव्हते असे दिसते. अर्थात त्यांतील काही शेजारच्याच गावी राहून कामकाज पाहत. क्युरेटचे वेतन ठरविण्याचा बिशपांचा अधिकार १७९६ च्या कायद्याने वाढविला, तो वर्षाला पंचाहत्तर पौंडांपर्यंत. ‘क्युरेट’ या शब्दाच्या मुळाशी काळजी वाहणे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ज्याच्या पदनामातच आत्म्यांची काळजी आहे, त्यास सर्वांत कमी मिळे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्रकारांचा रोष सरसकट धर्माधिकारी-वर्गावर नव्हता. दरिद्री क्युरेटविषयी त्यांना अनुकंपा होती. टॉमस रोलंडसनच्या चित्रांनी व विल्यम कोंबच्या पद्यांनी सजलेला, १८१२ साली ग्रंथरूपाने आलेला डॉक्टर सिंटॅक्सचा प्रवास याची साक्ष आहे. त्यातील नायक हा अल्पवेतनी क्युरेट व शाळामास्तर. तो हास्यास्पद आहे, पण तिरस्करणीय नाही. उलट १७३६ साली विल्यम होगार्थने काढलेल्या ‘निद्रिस्त धर्मसभा’ या चित्रात प्रवचनकार भिंगातून वाचतो आहे, श्रोते झोपले आहेत, वाळूचे घड्याळ संपले आहे, आणि कारकुनाची तिरपी दृष्टी झोपलेल्या तरुणीवर आहे. तेथे टीका आळसावर व कर्तव्यच्युतीवर आहे. दशांशाच्या चित्रांची धार याच दोन सूत्रांच्या मीलनातून येते : काम न करणारा घेतो, आणि काम करणारा उपाशी राहतो.

५. छापणारे, विकणारे, पाहणारे

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने किंवा हत्याराने कोरून छापली जात व बऱ्याचदा हाताने रंगविली जात. साध्या प्रतीस काही पेन्स आणि रंगविलेल्या प्रतीस एक शिलिंग किंवा त्याहून अधिक, असा सामान्य भाव असे. शेतमजुराच्या आवाक्यातील ही किंमत नव्हती. विक्रीचे मुख्य स्थान लंडन. सेंट जेम्स स्ट्रीटवरील हॅना हंफ्री, पिकॅडिलीतील सॅम्युएल फोर्स, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील विल्यम हॉलंड, चीपसाइडचा टॉमस टेग ही काही प्रसिद्ध नावे. दुकानांच्या खिडक्यांत लावलेली चित्रे मात्र रस्त्यावरील कोणीही फुकट पाहू शके. ग्रामीण जीवनाविषयीची ही चित्रे मुख्यतः शहरी डोळ्यांसाठी काढलेली होती, हे विसरता कामा नये. गावाकडे त्यांतील कोटी पोचे ती मद्यालयांच्या भिंतींवरील स्वस्त चित्रांतून, मातीच्या जगांवरील छापांतून, बाहुल्यांतून आणि गाण्यांतून.

फ्रान्समध्ये ऑगस्ट १७८९ मध्ये क्रांतीच्या विधिमंडळाने चर्चचा दशांश रद्द ठरविला, आणि इंग्लंडातील या विनोदाचा रंग पालटला. आता दशांशावर हसणे हे राज्यव्यवस्थेवर हसण्यासारखे दिसू लागले. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर सरकारने १९ एप्रिल हा सार्वत्रिक उपवासाचा दिवस ठरविला. तरुण चित्रकार रिचर्ड न्यूटनने त्यावर काढलेल्या चित्रात धर्माधिकारी भरल्या मेजाभोवती यथेच्छ जेवीत आहेत. १७९५ साली त्याने मुलांच्या अंकलिपीच्या धर्तीवर ‘धर्माधिकाऱ्यांची अक्षरमाला’ रचली. प्रत्येक अक्षरास धर्मसंस्थेतील एकेक पात्र. अक्षरओळखीच्या निरागस साच्यात वरिष्ठांचा लोभ व कनिष्ठांचे दारिद्र्य ओळीने बसविले, की वाचकास ती रचना भाषेइतकीच स्वाभाविक वाटू लागते; हाच त्यातील डंख. न्यूटनचा प्रकाशक विल्यम हॉलंड याच सुमारास टॉमस पेनचे लेखन विकल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात होता. न्यूटन स्वतः १७९८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मरण पावला.

एकोणिसाव्या शतकात पाद्र्याच्या आकृतीत आणखी एक भूमिका मिसळली. ग्रामीण भागात न्यायदंडाधिकारी म्हणून धर्माधिकाऱ्यांची नेमणूक वाढत गेली. १८३० च्या सुमारास अशा दंडाधिकाऱ्यांत सुमारे एक चतुर्थांश धर्माधिकारी होते. गावातील गरीब माणसास रविवारी क्षमेचा उपदेश करणारा आणि सोमवारी ससा चोरल्याबद्दल तुरुंगात धाडणारा मनुष्य एकच असे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टर येथील सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घातले गेले, तेव्हा आदेश देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांत धर्माधिकारीही होते. त्यांपैकी विल्यम रॉबर्ट हे यास पुढच्याच वर्षी रॉचडेलची अत्यंत किफायतशीर वृत्ती मिळाली. पीटरलूनंतर काही महिन्यांतच विल्यम होनने प्रसिद्ध केलेल्या, बालगीताच्या चालीवरील एका राजकीय पुस्तिकेसाठी जॉर्ज क्रुकशँकने ‘धर्माधिकारी दंडाधिकारी’ हे चित्र काढले. त्यात एकाच देहास दोन अंगे आहेत : एका बाजूस क्रूस, दुसऱ्या बाजूस फाशीचा खांब व बेड्या. होनवर १८१७ साली धर्मग्रंथांच्या विडंबनाबद्दल लागोपाठ तीन खटले झाले होते व तिन्हींतून पंचांनी त्यास निर्दोष सोडले होते. या चित्रात पिलू उरले नाही. अंगणातील खट्याळ वादाची जागा सत्तेच्या आरोपपत्राने घेतली.

६. चित्रात नसलेली माणसे

आता चित्रांची साक्ष व्यवहाराशी ताडून पाहावयाची. नॉरफोकमधील वेस्टन लाँगव्हिल येथे १७७६ पासून १८०३ पर्यंत असलेल्या जेम्स वुडफर्ड या पाद्र्याची रोजनिशी विसाव्या शतकात प्रसिद्ध झाली. तीत दर वर्षी डिसेंबरात होणाऱ्या दशांशाच्या मेजवानीच्या नोंदी आहेत. शेतकरी येत, ठरलेली रक्कम देत, आणि पाद्र्याच्या खर्चाने मांस, पुडिंग व भरपूर मद्य घेऊन रात्री उशिरा घरी जात. कवी विल्यम कूपरने आपल्या एका पाद्री मित्राला उद्देशून एसेक्समधील स्टॉक येथील अशाच दिवसावर विनोदी कविता रचली. तीत त्रस्त झालेला असतो तो पाद्रीच, कारण आंबट चेहऱ्याच्या शेतकऱ्यांची सरबराई करीत त्यास पैसे घ्यावे लागतात. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मध्ये कॉलिन्स हा पाद्री आपल्या कर्तव्यांची यादी सांगताना दशांशाचा करार प्रथम व प्रवचने लिहिणे नंतर सांगतो. त्यातही शब्द ‘करार’ हाच आहे.

याचा अर्थ असा, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुसंख्य ठिकाणी दशांश वस्तुरूपाने न घेता रोख रकमेत घेतला जाई. पेंढ्या, पिले व अंडी गोळा करण्याचा, साठविण्याचा व विकण्याचा खर्च मोठा होता. तडजोडीची रक्कम दोघांनाही सोयीची, आणि ती प्रत्यक्ष दहाव्या भागाहून बहुधा कमीच असे. म्हणजे पिलू प्रत्यक्षात क्वचितच उचलले जात असता चित्रांत व बाहुल्यांत ते वाढत्या संख्येने दिसत होते. हा विरोध वाटतो, पण त्याची उपपत्ती लागते. रकमेचा करार मोडून वस्तुरूपाने दशांश घेण्याचा हक्क पाद्र्याकडे राहत असे, आणि रक्कम वाढवून मागताना तो हक्क बजावण्याची धमकी हेच त्याचे शस्त्र होते. अंगणातील पिलू हे नित्याच्या व्यवहाराचे चित्र नव्हे. ते त्या व्यवहारामागील धमकीचे चित्र आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एक तृतीयांशाहून अधिक पॅरिशांत थोरला दशांश खाजगी धन्यांकडे होता, हे वर आलेच आहे. त्या धन्यावर उपासनेचे, आजाऱ्यास भेटण्याचे वा मृतास पुरण्याचे कोणतेही कर्तव्य नव्हते. धर्माच्या नावाने सुरू झालेला वाटा धर्माशी संबंध नसलेल्या माणसाने घेणे हे टीकाकारास अधिक विसंगत वाटावयास हवे होते. तरी दशांशाच्या चित्रांत हा जमीनदार जवळजवळ दिसतच नाही. त्यास ओळखीचा वेष नाही, विग व काळा झगा नाही. तो दाराशी येत नाही. आणि चित्रे विकत घेणाऱ्यांत त्याच्याच वर्गातील लोक अधिक होते. व्हिकरच्या हाती धाकटा दशांश असे, म्हणून तोच अंगणात येई, आणि हास्याचा विषयही तोच होई. व्यंगचित्र उंबरठ्यावर आलेल्या माणसास पाहते. दूरच्या वाड्यात बसलेल्यास पाहत नाही.

शेतमजूरही चित्रात नाही. दशांश देणारा शेतकरी, घेणारा पाद्री, आणि मधे पिलू, एवढ्यावर हे जग संपते. १८३० साली दक्षिण व पूर्व इंग्लंडातील मजुरांनी मळणीयंत्रे मोडली, तेव्हा अनेक गावांत जमाव पाद्र्याच्या घरीही गेला. दशांश कमी करावा, म्हणजे शेतकऱ्यास मजुरी वाढविता येईल, ही मागणी होती. कित्येक ठिकाणी या मागणीमागे शेतकऱ्यांचीच फूस होती. आठ दशके चित्रांनी जे भांडण दोन पक्षांचे म्हणून दाखविले, त्यात तिसरा पक्ष आरंभापासून होता आणि भार शेवटी त्याच्या भाकरीवरही पडत होता, हे तेव्हा उघड झाले.

७. शेवट

१८३६ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्स येथील दशांशाचे रूपांतर रोख आकारात करण्यात आले. हा आकार गहू, जव व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी जोडलेला होता. त्यासाठी आयुक्त नेमले गेले, गावोगाव मोजणी झाली, आणि अकरा हजारांहून अधिक दशांश-विभागांची नोंद तयार झाली. शेत कोणाचे, कसणारा कोण, त्यात काय पिकते, आणि दशांशाचा धनी कोण, हे सर्व त्या नकाशांत व तक्त्यांत लिहिले गेले. १९३६ साली हा आकारही रद्द होऊन त्याऐवजी ठराविक मुदतीची वार्षिक रक्कम आली व १९७७ साली तीही संपली.

ब्रिटिश म्युझियममधील व्यंगचित्रांची अकरा खंडांची सूची १८७० ते १९५४ या काळात फ्रेडरिक जॉर्ज स्टीव्हन्स व मेरी डॉरोथी जॉर्ज यांनी सिद्ध केली. त्या सूचीमुळे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास हे साधन सहज उपलब्ध झाले, आणि तिचा अविचाराने उपयोग करण्याचा मोहही निर्माण झाला. दशांशाच्या बाबतीत त्या मोहास आवर घालणारे दुसरे साधन १८३६ नंतरच्या तक्त्यांत आहे. एखाद्या पॅरिशचे चित्र डाव्या हाती व तक्ता उजव्या हाती घेतला, तर बहुधा असे आढळेल, की चित्रात दहावे पिलू मागणारा पाद्री एकटा उभा आहे, आणि तक्त्यात दहाव्या पेंढीपुढे नाव भलत्याचेच आहे. पहिल्यावरून गावकऱ्यांचा राग कोणावर होता हे कळते. दुसऱ्यावरून तो कोणावर असावयास हवा होता हे कळते. या दोहोंतील अंतर मोजणे हेच या चित्रांच्या अभ्यासकाचे काम होय.